आजीचं आयुष्य लिहायचं तर साल विचारू नका, बिऱ्हाड विचारा

पेपरातल्या कुठल्याही श्रद्धांजलीत आजी प्रेमळ असते, कष्टाळू असते आणि सुगरण असते. ही तीन विशेषणं महाराष्ट्रातल्या समस्त आज्यांना चालतात, म्हणजे त्यातून एकीचाही पत्ता लागत नाही. पंधराव्या वर्षी पत्र्याची ट्रंक घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरलेली, गिरणीच्या वायंडिंग खात्यात बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागलेली, महागाईच्या मोर्चात लाटणं घेऊन चाललेली, साठी उलटल्यावर पासपोर्ट काढून लेकीच्या बाळंतपणाला आखातात गेलेली बाई त्या चौकटीत मावतच नाही. घरात यातलं थोडं प्रत्येकाला ठाऊक असतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. ते तुकडे जुळवायचे कसे आणि फसगत हमखास कुठे होते, त्याबद्दल हे.

गाडी पहिल्या प्रश्नालाच अडते. "आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "त्यात काय सांगायचंय, चारचौघींसारखंच." "मुंबईला कोणत्या साली आलीस?" तर "नाही बाई आठवत." त्या पिढीतल्या बायकांनी आयुष्य सालांत मोजलेलंच नसतं. बिऱ्हाडं, बाळंतपणं आणि मोठी दुखणी, ही त्यांची मापं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर फक्त बिऱ्हाडांची यादी करा. माहेरचं घर, सासरचं घर, मुंबईतली पहिली खोली, मधे कुणाकडे काढलेले दिवस, मग स्वतःची जागा. साल लिहायचा मोह टाळा, नुसता क्रम लावा.

मग एकेका खोलीत शिरा. कितवा माळा? मोरी कुठल्या कोपऱ्यात? नळ घरात की गॅलरीच्या टोकाला, आणि पाणी किती वाजता यायचं? संडास किती बिऱ्हाडांत एक? भाड्याची पावती कुणाच्या नावाची? दहा बाय बाराच्या खोलीत रात्री कोण कुठे झोपायचं, एवढं एक विचारलं तरी घरातली सगळी नाती समोर येतात. दीर-जाऊ आत, सासरे गॅलरीत, गावाहून आलेला भाचा जिन्याखाली. तोंडी जमत नसेल तर जमिनीवर डबे-वाट्या मांडून खोली दाखवायला सांगा. हे पिंप, ही चूल, हा पार्टिशनचा पडदा. हात कामाला लागला की जीभ सुटते. "इथे, ह्या खिळ्याला पाळणा" असं म्हणता म्हणता कुठलं मूल कुठल्या खोलीतलं तेही कळतं. मांडून झालं की वरून एक फोटो काढा आणि चौकटीच्या कागदावर उतरवून घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट.

प्रवासाचंही असंच. कोकणातल्या आजीला "आलीस कशी?" विचारलं तर "बोटीने" या एका शब्दावर विषय संपतो. बोट कुठल्या बंदरातून धरली हे विचारा. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, यातलं एक नाव नक्की येईल. बोट लांब उभी राहायची, तिच्यापर्यंत पडावातून, म्हणजे लहान होडीतून, जावं लागायचं. पडावात चढताना साडी किती भिजली, हेलकाव्यात शिडीवर कुणी ओढून घेतलं, डेकवर जागा कशी अडवली, ओकाऱ्या झाल्या का, लिंबू होतं का, धक्क्यावर घ्यायला कोण आलं आणि त्याला ओळखलं कसं? नवऱ्याला त्याआधी एकदाच पाहिलेलं, आणि गर्दीत तोच शोधायचा, अशी धास्ती तिथे बाहेर पडते. ऋतूही विचारा. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या लांब पल्ल्याच्या आगबोटी बंद असत, मग घाट चढून कोल्हापूरला जायचं आणि तिथून रेल्वे. त्यामुळे "भर पावसात बोटीने आले" म्हणाली तर एक तर पाऊस वळवाचा होता किंवा दोन प्रवास एकात मिसळलेत. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आमच्याकडे बोटीचं नाव काढायचं नाही असं झालं, हे वाक्य कोकणातल्या किती घरांत सापडेल सांगता येत नाही. तुमच्या आजीच्या तोंडी आलं तर तिचा पहिला प्रवास त्याच्या अलीकडचा की पलीकडचा, ते लगेच विचारून घ्या.

सालांची सोय मुंबईच करून देते. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. त्या दिवशी मुंबईत असलेली बाई तो आवाज विसरत नाही. तेव्हा पोटात कोण होतं, काखेत कोण होतं, एवढं विचारलं की दोन मुलांच्या जन्माचा हिशेब लागतो. अशा खुंट्या पुष्कळ आहेत. जपानी बॉम्बच्या भीतीने बायकामुलं गावी धाडली ती १९४२च्या सुमारास. शहरात रेशन सुरू झालं १९४३ साली. गांधीहत्येनंतरची जाळपोळ आणि त्यामुळे गाव सोडून मुंबईला येणं १९४८चं. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५चा, आणि महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६०ला. मकर राशीत आठ ग्रह जमून जगबुडी होणार म्हणून ठिकठिकाणी यज्ञ झाले ते फेब्रुवारी १९६२मध्ये. ही अष्टग्रही आज्यांना निवडणुकांपेक्षा जास्त लक्षात असते. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा, मुंबईतही भांडी वाजली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तो काळ १९७२नंतरचा, आणि दुष्काळ, मिलो ज्वारीची लाल भाकरी, मुंबईत टीव्ही आला तेही त्याच साली. रेल्वेचा संप मे १९७४. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ पासून. लेडीज स्पेशल लोकल ५ मे १९९२ पासून. २६ जुलै २००५ तर नातवंडांनाही आठवतो. यातल्या प्रत्येक दिवशी ती कुठल्या बिऱ्हाडात होती, एवढंच विचारा. बिऱ्हाडांच्या यादीपुढे सालं आपोआप भरत जातात.

खुंट्या उलट बाजूनेही वापरायच्या, म्हणजे न जुळणारं पकडायला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर धावली. त्याआधीच्या प्रवासात आजी "एसटी" म्हणत असेल तर ती खासगी सर्व्हिस मोटार. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. "सहा आण्याला शेर" आणि "चाळीस नये पैसे" एकाच वाक्यात आले तर तो एक बाजारहाट नव्हे, दोन आहेत. कारखान्याच्या कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद होती. तेव्हा गिरणीतली रात्रपाळी निघाली तर ती बहुधा नवऱ्याची, आणि हिची गोष्ट त्याच्यासाठी डबा घेऊन जाण्याची. 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ साली निघाला, तर त्यात वाचलेली संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबाराची ताजी बातमी ही बहुधा 'लोकसत्ते'तली. अशा वेळी "आजी, हे चूक आहे" असं तोंडावर म्हणू नये. वहीत बारीक खूण करावी आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या बाजूने विचारावं. गोदीच्या स्फोटात सोन्याच्या विटा उडाल्या हे खरंच. पण निम्म्या गिरगावात एकेक वीट पडली नव्हती. ऐकीव गोष्ट कालांतराने स्वतःची होते, सगळ्यांचीच. लिहिताना "आजी सांगत असे की" हे चार शब्द घातले की झालं, गोष्ट काढून टाकायचं कारण नाही.

जन्मतारीख हा स्वतंत्र घोळ. आधार कार्डावर १ जून दिसली तर ती तारीख हेडमास्तरांची समजा. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा तारीख कुणालाच ठाऊक नसेल तर सरसकट १ जून टाकायची पद्धत होती. वर्षही एखाद-दोन वर्षांनी इकडेतिकडे असतं. घरात जन्मटिपण किंवा पत्रिका असेल तर ती जास्त खरी, फक्त नीट वाचता यायला हवी. शके दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा म्हणजे इंग्रजी साल येतं. पण जन्म १ जानेवारी ते गुढीपाडवा या दरम्यानचा असेल तर ७९ मिळवावे लागतात. पौष आणि माघ इथेच घोटाळा होतो. समजा शके १८५५, माघ. १९३३ लिहाल तर चुकाल, ते १९३४ आहे. पत्रिकेत संवत्सराचं नाव असेल तर ताळा पाहता येतो: शकात १२ मिळवून ६०ने भागा, बाकी हा संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला. १८५५ अधिक १२ म्हणजे १८६७, बाकी ७, सातवा संवत्सर श्रीमुख. पत्रिकेत श्रीमुख नसेल तर शकाचा आकडा वाचण्यात चूक झाली आहे. जुन्या पुसट शाईत ५ आणि ६ फार दगा देतात.

दुसरी मेख वाराची. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. "बुधवारी उत्तररात्री" म्हणजे इंग्रजी हिशेबाने गुरुवारची पहाट, तारीख एकाने पुढची. वेळही जपून घ्या: मुंबईत १९५५पर्यंत स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम'ही चालत असे, आणि सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ युद्धामुळे देशभरची घड्याळं एक तास पुढे होती. वाढदिवस साजरा करायला याने काही अडत नाही. पण घरात कुणी पत्रिका पुन्हा मांडायला बसलं की भांडण इथेच सुरू होतं.

कागद शोधताना आधी नावं ठरवा, नाहीतर ती कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, म्हणजे माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एक. सासरचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव दुसरं. आणि आळीतलं, शाळेतलं, हाकेचं तिसरं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा माहेरच्या नावानेच मागावा लागतो. नोकरी लग्नाआधी लागली असेल तर सेवापुस्तकाचं पहिलं पान एका नावाने आणि शेवटचं दुसऱ्या. नाव अधिकृतपणे बदललं असेल तर राजपत्रातली सूचना मिळू शकते. गिरणीतल्या बाईच्या बाबतीत कामगार विम्याचं कार्ड आणि प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप जपा, त्यावर गिरणीचं नाव आणि खातं असतं. "बदली" असेल तर कामाची सलग नोंद मिळणार नाही. नोंद नाही म्हणजे काम केलं नाही, असा अर्थ मात्र काढू नका. रेशनकार्डातली वयं साधारण धरावीत. शिक्षणाच्या रकान्यात "अकरावी" दिसलं म्हणून ती बारावी राहिली असं नातवंडं समजतात; १९७५पर्यंत एसएससी अकरावीलाच होती, म्हणजे बाई मॅट्रिक आहे.

घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर तोही बघा, फार आशा न ठेवता. मुलग्यांचे पराक्रम पानभर आणि मुलगी एका ओळीत, "विवाह अमुक घराण्यात", असाच त्यातला नेहमीचा मामला. त्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या कामाच्या. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की घराण्याची वही निघते आणि कोण कधी, कुणाबरोबर आलं होतं ते सापडू शकतं. एखादी बातमी किंवा मोर्चा तपासायचा असेल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, पण तिथे तारीख घेऊन जा. "साधारण पन्नासच्या दशकात" म्हणून जाणारा रिकाम्या हाताने परततो.

फोटोंबाबत मुंबईची दमट हवा हा मुख्य शत्रू. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आधी स्कॅन करा, ते लाल पडत जातात. त्यामानाने कृष्णधवल टिकून असतात. लहान फोटो ६०० डीपीआयला, मोठे ३०० चालतील. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, चेहरा काचेवर राहतो. काचेसकटच स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नये, दात साफ करायचा धागा (डेंटल फ्लॉस) मागून हळूहळू सरकवावा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायची नाही, कोरड्या मऊ ब्रशने, तेही घराबाहेर. लॅमिनेशन तर मुळीच नको. मागची बाजूही स्कॅन करायची, स्टुडिओचा शिक्का आणि कुणाचं तरी अक्षर तिथेच असतं. नावं लिहायची ती मागे, कडेला, मऊ पेन्सिलने; बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. आणि "डावीकडून" लिहिताना बघणाऱ्याच्या डावीकडून, हे ठरवून घ्या.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. फ्लाइट मोडवर टाकून घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून दीड फुटावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर बांगड्यांचा आणि कपबशीचा आवाज माणसापेक्षा मोठा येतो. पंखा बंद हवा, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा. कुकरची शिट्टी आणि लोकल चालायची. एका बैठकीला चाळीस मिनिटं खूप झाली. शक्य तर डब्ल्यूएव्ही फाइल ठेवा, मोनोत मिनिटाला पाच एमबीच्या आसपास जागा लागते. सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर माणसांची नावं बोला. व्हॉट्सॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, आणि तीन ठिकाणी ठेवायची. त्यातली एक जागा दुसऱ्या घरात. आजी थांबली की मधे बोलू नका. मनात पाचापर्यंत मोजा, खरी गोष्ट बहुधा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला येते. दुसरं कुणी शेजारी बसून "अगं तसं नाही, ते नंतर झालं" करत असेल तर त्याला भाजी आणायला पाठवा. "हे लिहू नकोस हं" म्हणाली की तिच्यासमोर रेकॉर्डिंग थांबवायचं, आणि झालेला तुकडाही पुसायचा. गेलेलं मूल, सवतीची गोष्ट, दिराने लाटलेली जमीन, यातलं काय जगाला सांगायचं हे तिनेच ठरवावं.

विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर प्रश्न सोडा आणि वस्तू हातात द्या. पाटा-वरवंटा, जुनं कुलूप, नऊवारीचा काठ. ओव्या, श्लोक आणि पाढे शेवटपर्यंत टिकतात, तेही रेकॉर्ड करा.

आणि ती गेलेलीच असेल तर पहिले तेरा दिवस महत्त्वाचे. याच दिवसांत आवराआवरीच्या उत्साहात ट्रंक रिकामी होते आणि रद्दीवाला श्रीमंत होतो. हिशोबाच्या वह्या, पत्रांची तार, बँकेची पासबुकं, देवाच्या पोथीत खोचलेल्या चिठ्ठ्या, औषधांच्या फायली, कॅलेंडरच्या मागे लिहिलेले दूध-गॅसचे आकडे, सगळं एका खोक्यात घालून वर "टाकू नये" लिहा. तेराव्याला जमलेल्या प्रत्येकाकडून तिची एकच गोष्ट घ्या, आणि तीही ठरावीक प्रश्नाने: "तिने तुम्हाला कुठे नेलं होतं?" स्वभाव विचारलात तर प्रेमळ, कष्टाळू, सुगरण हेच परत मिळेल. तिच्या वयाची बहीण, जाऊ किंवा चाळीतली शेजारीण हयात असेल तर पहिली धाव तिच्याकडे.

लिहिताना तिची वाक्यं तिच्याच बोलीत राहू द्या, मालवणी असेल तर मालवणी. एकच प्रसंग दोघींनी दोन तऱ्हांनी सांगितला असेल तर दोन्ही छापा, खाली नावासकट. छपाईच्या आधी कच्ची प्रत मोठ्या टाइपात काढून घरातल्या थोरांना वाचायला द्या, एका बाजूला छापलेली आणि कडेला दोन इंच समास सोडलेली. आत्या आणि मावश्या पेन घेऊनच वाचायला बसतात.